डॉक्युमेंटेशनसाठी ट्रॅकर निवडताना

ऐरोलीच्या माइंडस्पेस आयटी पार्कमध्ये आमची चार टेक्निकल रायटर्सची टीम आहे. प्रॉडक्ट्स सहा, आणि प्रत्येकाचं यूजर गाइड, इन्स्टॉलेशन गाइड, रिलीज नोट्स वेगळ्या. सगळा हिशेब एका एक्सेल शीटमध्ये. शीट तशी बरी होती, पण ‘काम चालू’ या एका रकान्याखाली सगळं झाकलं जायचं. लिहिणं चालू आहे, लिहून डेव्हलपरकडे तपासायला पडलंय, की स्क्रीनच बदलणार म्हणून थांबलंय? आमचा निम्मा वेळ कुणाची तरी वाट बघण्यात जातो आणि नेमकं तेच शीटमध्ये दिसायचं नाही. रिलीज जवळ आली की मॅनेजर विचारायचे, “कुठे अडलंय?” आणि आम्ही मेल उपसत बसायचो.

ट्रॅकर, म्हणजे कुठलं काम कुठे पोचलंय ते दाखवणारं टूल, शोधायचं काम माझ्याकडे आलं. तुलनेचे तक्ते मी ठाणे-ऐरोली लोकलमध्ये वाचले. मध्ये दिघा गाव स्टेशन झालं तरी प्रवास छोटाच, त्यामुळे एकही तक्ता पुरा झाला नाही. बिघडलं काही नाही. त्यापेक्षा मागच्या एका रिलीजची खरी कामं प्रत्येक टूलमध्ये भरून पाहिली, तेव्हा कुठे काही कळलं.

ट्रेलो डोळ्यांना सुखाचं. टोयोटाच्या कारखान्यातल्या कानबान कार्डांचीच कल्पना: कार्ड या रकान्यातून त्या रकान्यात सरकवायचं. एकच प्रोजेक्ट असता तर मी तिथेच थांबले असते. पण सहा प्रॉडक्ट्स एका बोर्डावर म्हणजे नुसती गर्दी, आणि सहा बोर्ड केले तर रोज सहा ठिकाणी डोकवा. रेडमाइन मुक्तस्रोत, फुकट, पण सर्व्हर आपला आपण सांभाळायचा. आयटीवाल्यांना विचारलं तर “बघू” म्हणाले. ऑफिसात ‘बघू’चा अर्थ सगळ्यांना कळतो.

राहिलं जिरा. 2002 साली आलेलं, मूळचं बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुका, नोंदवायचं टूल. लिहिणाऱ्या माणसाला ते रुक्षच वाटतं. पण एक डेव्हलपर म्हणाला, “अगं, तुझा मेल कोण वाचतंय? तिकीट टाक ना.” तिकीट म्हणजे जिरातली एकेका कामाची नोंद. माझ्यासाठी विषय तिथे संपला. ज्यांच्याकडून तपासून घ्यायचं ते दिवसभर जिथे असतात, ट्रॅकर तिथेच हवा.

डॉक्युमेंटेशनचा वेगळा प्रोजेक्ट उघडला. लेखन, तांत्रिक तपासणी, भाषा तपासणी, थांबलंय आणि तयार, एवढेच स्टेटस ठेवले. तपासणीला गेलं की तिकीट त्या डेव्हलपरच्या नावावर करायचं, म्हणजे ते त्याच्या यादीत दिसतं. फीचरच अर्धवट असेल तर त्याचं तिकीट आमच्या तिकिटाला जोडायचं. शिवाय पाच दिवस स्टेटस न बदललेली कामं दाखवणारा एक फिल्टर. सोमवारी मी आधी तोच उघडते.

शीट मात्र काढली नाही. सहकारी म्हणाली, “दोन ठिकाणी कशाला गं?” तिचं अगदीच चूक नव्हतं. पण तिकीट बंद होतं, गाइड वर्षानुवर्षं राहतं. ते कुणाकडे आहे आणि शेवटचं कोणत्या आवृत्तीसाठी बदललं, हे बंद तिकिटांमध्ये कोण शोधणार? म्हणून शीटमध्ये फक्त दस्तऐवजांची यादी. स्टेटसचा रकाना काढून टाकला, तो पुन्हा घालायचा नाही असं ठरलंय.

चहाच्या टपरीवर सांगितलेलं “एवढी एक ओळ बदल ना” अजून कुठल्याच ट्रॅकरमध्ये येत नाही. दहा मिनिटांचं असेल तर करून टाकते, त्यापुढचं असेल तर तिकीट मागते.