तुम्ही विचारलंत म्हणून: आंब्यावरचं बाशिंग तोडू का?

मृगाच्या सरी कोसळल्या की आठवड्याभरात पहिला फोटो येतोच. जुन्या आंब्याचं खोड, त्याला बिलगलेला वाळक्या तपकिरी पानांचा गुच्छ आणि त्यातून डोकं वर काढणारी कोवळी हिरवी पानं. खाली प्रश्न ठरलेला: "बाई, हे बांडगूळ ना? झाड मरायच्या आत तोडून टाकू का?"

नका तोडू. हे बांडगूळ नाही, बाशिंग आहे. लग्नात कपाळाला बांधतात ना, तसं खोडाच्या कपाळाला बांधल्यासारखं दिसतं.

तुमची भीती मला समजते, कारण आमच्याही बागेत एकेकाळी दोन्ही एकाच कोयत्याने निघायची. मी लहान असताना गडी आंब्यावर चढून बांडगूळ तोडायचे आणि जाता जाता बाशिंगही खरवडून खाली टाकायचे. खालचं गोळा करायचं काम माझं. बांडगुळाच्या तोडलेल्या तुकड्यात आंब्याच्या फांदीला आलेली जाडजूड गाठ असायची. तिथे बांडगुळाने आपली मुळं थेट लाकडात घुसवलेली असतात आणि झाडाने वर चढवलेलं पाणी ते मधल्यामध्ये ओढून घेतं. बाशिंग निघालं होतं ती जागा मात्र नुसती ओलसर, काळपट. साल अखंड. एक भोक नाही, एक ओरखडा नाही, असला तर कोयत्याचा. बाशिंगाची मुळं सालीला धरून राहतात, आत शिरत नाहीत. हे तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरीही कितीतरी वर्षं मी टोपल्या भरत राहिले, याचं मला आजही वाईट वाटतं.

मग ते जगतं कशावर? त्यासाठी ती वाळकी पानं बघा. बाशिंग हा नेचा आहे आणि त्याला दोन तऱ्हेची पानं येतात. एक ही तपकिरी, बिनदेठाची, ओंजळीच्या आकाराची, कडेला खाचा असलेली. युरोपातल्या ओक झाडाच्या पानासारखी ती दिसतात, म्हणून शास्त्रीय नावातही ओक आला: ड्रायनारिया क्वेर्सिफोलिया. १७५३ साली स्वीडनचा वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअस याने त्याला पॉलिपोडियम या प्रजातीत घातलं होतं, पण 'ओकच्या पानाचा' हे विशेषण त्याचंच. हल्ली काही अभ्यासक प्रजाती पुन्हा बदलून अग्लाओमॉर्फा म्हणतात. आपल्याला बाशिंग पुरे.

ही पानं उगवतात तेव्हा हिरवट असतात, पण लवकरच वाळून कागदासारखी कडक होतात आणि गळत नाहीत. एकावर एक अशी वर्षानुवर्षं खोडाला लागून राहतात. वरून पडणारा पाचोळा, मोहोराचा चुरा, धूळ, किड्यांची विष्ठा, सगळं त्या ओंजळीत साठतं आणि कुजतं. पावसाळ्यात एखादं पान हलकेच बाजूला करून आत बोट घाला. काळी, भुसभुशीत, ओली माती लागेल, वास अगदी पहिल्या पावसातल्या जमिनीचा. (गोम असू शकते, जपून.) जमिनीपासून पंधरा फुटांवर बाशिंगाने स्वतःची माती केलेली असते आणि त्याची मुळं त्याच मातीत पसरतात. ज्याला तुम्ही मेलेला कचरा म्हणून ओढून काढता, तीच त्याची शेतजमीन.

त्या पानांच्या आड आडवं, बोटाएवढं जाड, मांसल खोड असतं. त्यावर तांबूस-तपकिरी खवल्यांची अशी लव की खारीच्या अंगावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. आपल्याकडे कोकणात चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि पुढे आठ महिने जवळजवळ थेंब नाही. हे खोड ते आठ महिने काढतं. दुसऱ्या तऱ्हेची, हिरवी पानं लांब देठाची, खोलवर कातरलेली, चांगली वाढली तर हात-दीड हात लांब. दिवाळीनंतर ती पिवळी पडतात, एकेक पाकळी गळते आणि मधला दांडा उरतो, बांगड्याचं मांस खाऊन उरलेल्या काट्यासारखा. उन्हाळ्यात बघणाऱ्याला वाटतं, गेलं. गेलेलं नसतं.

फूल-फळ विचाराल तर नाही. श्रावणात हिरवं पान उलटं करून बघा: दोन शिरांच्या मधे बारीक गोल ठिपक्यांच्या दोन ओळी, रांगोळीच्या ठिपक्यांसारख्या नेमक्या. त्यात बीजाणू. ते वाऱ्यावर उडतात, ओल्या सालीवर रुजतात आणि आधी नखाएवढं हिरवं, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचं रोप होतं. त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असेल तरच नर पेशी पोहत मादीपर्यंत जाते. आषाढातली कोकणातली साल म्हणजे त्याला आयती सोय. म्हणून ते खरबरीत, शेवाळलेल्या म्हाताऱ्या झाडांवर येतं: रायवळ आंबे, फणस, वड. जांभ्याच्या कातळावर आणि जुन्या गडग्यांवरही दिसतं. नव्या कलमांच्या गुळगुळीत सालीवर सहसा नाही.

"पण वजनाने फांदी मोडली तर?" हाही प्रश्न येतो आणि रास्त आहे. भिजलेला गुच्छ जड होतो. फांदी आधीच पोखरलेली असेल, घरावर झुकली असेल, तर फांदीच उतरवा. धडधाकट खोडावरच्या बाशिंगाला हात लावायचं कारण नाही.

महामार्ग चौपदरी करताना रस्त्याकडेचे जुने वड-आंबे गेले, तेव्हा आडव्या पडलेल्या एका आंब्यावर बाशिंग अजून हिरवं होतं. त्याचा वीतभर तुकडा, लव असलेल्या खोडासकट, मी घरी आणला आणि परसातल्या फणसाच्या बेचक्यात सुंभाने बांधला. पहिल्या पावसात फक्त दोन ओंजळीची पानं आली. हिरवं एकही नाही. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ओंजळीत फणसाचीच पानं कुजायला लागली होती आणि बोटभर हिरवा कोंब वर आला. आता सुंभ कुजून गळून पडलाय. बाशिंग जागेवर आहे, आणि यंदा पहिल्यांदाच पानामागे ठिपके धरलेत.