भेंडी आणि ३ बाद १२१

३० डिसेंबर २०२४, रात्री

आज डबा पूर्ण खाल्ला. तीन पोळ्या, भेंडी, डबीतलं दहीसुद्धा. हात धुताना लक्षात आलं, पंधरा मिनिटांपूर्वी आपण मेलबर्नला ऑस्ट्रेलियाशी कसोटी १८४ धावांनी हरलोय.

तेव्हापासून हेच चाललंय डोक्यात. हरल्याचं वाईट वाटलं नाही, याचं वाईट वाटतंय. मंदारला सांगितलं तर तो म्हणाला, काका, ॲसिडिटी असेल.

बरं, पाचला उठलो होतो. ३४० हव्या होत्या. रोहित ९, त्याच षटकात राहुल ०. उपाहाराच्या तोंडावर कोहली, तोच ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू आणि स्लिपमध्ये झेल. ३ बाद ३३. ही चहा ठेवून गेली, स्कोअर विचारलासुद्धा नाही. पूर्वी विचारायची. असो.

मग जयस्वाल आणि पंत पूर्ण सत्र उभे राहिले. ऑफिसात पोचलो तेव्हा ३ बाद ११२, चहापान. निदान ड्रॉ तरी, असं वाटलं. १२१ वर पंतने हेडला उचलला, त्या कामचलाऊ गोलंदाज हेडला!, आणि सीमेवर मार्शने घेतला. तिथून सगळे १५५. सात गडी ३४ धावांत. जयस्वालच्या बाद होण्यावरून, त्या स्निकोवरून (चेंडू बॅटला लागल्याचा आवाज टिपणारं तंत्र), ऑफिसात दोन तट पडले, मी कुठल्याच तटात नव्हतो. मी डब्याची पिशवी शोधत होतो.

१९९७ ला बार्बाडोसला १२० हव्या होत्या आणि आपण ८१ वर संपलो. कर्णधार सचिन. त्या रात्री मी ताटावरून उठलो होतो. आई म्हणाली, "सचिन जेवला असेल बघ."

दुपारभर मुद्दाम राग गोळा करून पाहिला. मुद्दे कमी नाहीत. २०१८ ला दक्षिण आफ्रिकेत पार्लचा दोन दिवसांचा सराव सामना आपणच नको म्हटला, आणि केपटाउनला २०८ चा पाठलाग करताना १३५ वर आटोपलो. त्याच वर्षी इंग्लंडात चेम्सफर्डचा चार दिवसांचा सामना तीन दिवसांवर आणला. पुढे लॉर्ड्सवर सगळे बाद १०७. या खेपेला भारत 'अ' बरोबरचा सामना रद्द, त्याऐवजी आपसात 'मॅच सिम्युलेशन'. कॅनबेराचा दोन दिवसांचा सामना, त्यात पहिला दिवस पावसात गेला, उरली ४६-४६ षटकं. रोहित तिथे ३. नेटमध्ये बाद झालं तरी माणूस पुढचा चेंडू खेळतोच. मॅचमध्ये पॅड सोडून बसावं लागतं, ती लाज तरी सरावाला हवी ना. गावसकर हे किती वर्षं सांगतोय.

राग थोडा आला. पण पर्थ? याच मालिकेतली पहिली कसोटी, तिथे याच तयारीवर आपण २९५ धावांनी जिंकलो. तेव्हा मी सिम्युलेशनचं कौतुक केलं होतं, ग्रुपवर आहे ते अजून.

संध्याकाळी आप्पांना फोन केला. म्हटलं, तुमच्या वेळी बरं होतं, कसोटीआधी तिथल्या काउंट्यांशी, म्हणजे इंग्लंडच्या स्थानिक संघांशी, भरपूर सामने व्हायचे. ते हसले. "चौऱ्याहत्तरला पण झाले होते की. आणि लॉर्ड्सवर ४२." मग जरा थांबून, "सोलकर १८ नाबाद."

आप्पांना दुपारची गोळी घेतली का आठवत नाही, पण १८ नाबाद आठवतं. ते त्या दिवशी जेवले होते का, हे विचारायचं राहून गेलं. आणखीही एक विचारायचं होतं. ते जाऊ दे.

मला वाटतं, मला सवय झालीय. की कंटाळा? सवय असेल तर ठीक आहे, सवयीत माणूस भेंडी खातो. कंटाळा असेल तर पाचला उठलो कशाला? रात्री ही म्हणाली, "भाजी संपवलीस आज, चांगली झाली होती का?" खरं सांगायचं तर चव आठवत नाही. हो म्हटलं.

शुक्रवारी सिडनी, पुन्हा पहाटे पाच. गजर लावला, मग काढून टाकला. तशीही साडेचारला जाग येते हल्ली.