आबांची .375

डिसेंबर 2020 चा पहिला आठवडा. आष्टी तालुक्यात बिबट्यानं माणसं मारली होती, दिवस मावळला की गावं दाराला कडी लावून बसत होती. त्याच महिन्यात तिसरं हत्यार जमा करायची मुदतही संपत होती. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनं एका परवान्यावर तीनऐवजी दोनच हत्यारं राहिली, वारसाचं असलं तरी सुटका नाही. हे दोन्ही घोर घेऊन आबा आष्टीकडून बीडला माझ्या बंदूक दुरुस्तीच्या दुकानी आले.

बारा बोअरची दुनळी, .315 बोअरची रायफल आणि आजोबांची .375 बोअरची रायफल, तिन्ही टेबलावर ठेवली. म्हणाले, "उस्ताद, दोन ठेवायच्यात. भरवशाच्या कोणत्या, तेवढं सांगा. बिबट्या दारात आलाय."

परवाना बघून, नंबर जुळवून रजिस्टरला चढवल्याशिवाय मी हत्याराला हात लावत नाही. .375 चा नंबर निजामाच्या काळातल्या उर्दू कागदावरही होता. तो कागद आबांनी प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता.

मोठी गोळी म्हणजे मोठा भरवसा, असं लोक धरून चालतात. विकणारेही नळी आतून चकचकीत दाखवतात आणि गिऱ्हाईक खूश होतं. .375 मॅग्नम हे हॉलंड अँड हॉलंड या इंग्रज बंदूकवाल्यांचं 1912 सालचं काडतूस, गोळी 300 ग्रेनची, म्हणजे 19 ग्रॅमच्या वर. आफ्रिकेत रानरेडा, हत्ती यांच्या शिकारीला कित्येक देशांत याहून लहान बोअर चालतच नाही. पण जनावर अंगावर आल्यावर माणसाचा जीव वाचतो तो दुसऱ्या गोळीवर, आणि दुसरी गोळी बोल्टच्या हातात असते. बोल्ट म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा आणि झाडलेलं बाहेर ओढणारा दांडा.

आबांच्या रायफलीचा बोल्ट माउझर 98 या जुन्या जर्मन रायफलीच्या धाटणीचा. त्याच्या कडेनं लांब पोलादी पट्टी जाते, तिच्या टोकाला नखासारखा आकडा, तो एक्स्ट्रॅक्टर. मॅगझिनमधून, म्हणजे खालच्या काडतुसांच्या पेटीतून, काडतूस वर सरकलं की त्याच्या बुडाची कड या नखाखाली जाते आणि तिथून ते बोल्टला धरूनच राहतं. घाबरून बोल्ट अर्ध्यातून मागे ओढला तरी तेच काडतूस परत मागे येतं, चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसतं तिथं, सुटं पडून पुढच्याची वाट अडवत नाही. विंचेस्टर या अमेरिकन कंपनीनं 1964 मध्ये आपल्या मॉडेल 70 रायफलीमधून ही रचना काढली, तेव्हापासून मोठ्या शिकारीचे लोक त्याआधीच्याच रायफली हुडकत राहिले. असा बोल्ट मी हातात घेतला की मला वडिलांची आठवण येते. पितळेच्या कांबीतून कातून .375 ची चार डमी, म्हणजे बिनदारूची काडतुसं त्यांनीच करून ठेवली होती.

ती चार भरली. बोल्ट सावकाश चालवला, मग जोरात, मग रायफल उलटी धरून. पहिली तीन चोख बाहेर पडली. चौथं चेंबरमध्येच राहिलं. पुन्हा भरलं, या वेळी दुसरंच राहिलं. भिंग लावलं तर नखाची खालची कड तांदळाच्या कणीएवढी उडालेली.

"आबा, एकेक काडतूस हातानं चेंबरमध्ये टाकून बोल्ट लावता का?"

"हां. खंडेनवमीला पूजेत एक घालून दाखवायचं, परत काढायचं. मॅगझिन भरायचं नाही, हे आजोबांचं सांगणं."

सांगणं काळजीचं होतं. पण हे नख काडतुसाच्या कडेवरून उडी मारायला घडवलेलं नाही, त्याला काडतूस खालूनच हवं. चाळीसेक दसरे ते त्या कडेवर आपटत आलं होतं.

मग काडतुसं पाहिली. सात, किनॉक या इंग्रज कंपनीची, आजोबांच्या वेळची. दोघांच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीभोवती हिरवा थर. अशी टोपी कधी पेटतच नाही, कधी घोडा पडल्यावर क्षणभर थांबून पेटते. बिबट्यासमोर तो क्षण कुठून आणायचा? .315 चं काडतूस आपल्याकडे बनतं, ताजं मिळतं. शिवाय मी त्यांना स्पष्ट बजावलं, की 1972 च्या वन्यजीव कायद्यानं, जीव वाचवायची वेळ सोडली तर, बिबट्यावर गोळी झाडायला मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी आदेश लागतो. दारात आला तर दार लावायचं आणि वनखात्याला फोन करायचा.

"मग कोणती जमा करू?"

मी .375 वर हात ठेवला.

आबा काही बोलले नाहीत. खिशातल्या रुमालानं त्यांनी नळीवरचे माझ्या बोटांचे ठसे पुसले. दोन दिवसांनी ती रायफल जमा झाली.

मी दिलेलं उत्तर त्या दिवशीच्या रायफलीपुरतं खरं होतं. पण पट्टी स्प्रिंग स्टीलची असते, घासून, पाणी देऊन, बसवून चार दिवसांत मी नवी केली असती. मुदत तेवढी शिल्लक होती. बारा बोअर जमा करून .375 ठेवता आली असती, काडतुसं नसती तरी घराण्याचं हत्यार घरात राहिलं असतं. त्यांनी भरवशाचं विचारलं आणि मी तेवढ्याचंच उत्तर दिलं. दुरुस्ती हा माझा धंदा, आणि दुरुस्तीचा शब्दच माझ्या तोंडून निघाला नाही. बिबट्याच्या भीतीनं म्हातारा माणूस रात्री ही घेऊन बाहेर पडेल, हे माझ्या मनात होतं. ते मी त्यांना सांगायला हवं होतं.

18 डिसेंबरला करमाळा तालुक्यात बिबट्या मारला गेला, वनखात्याच्या आदेशानं. दुसऱ्या दिवशी आबांचा फोन आला.

"उस्ताद, एक विचारू? ते नख नवं बसलं असतं का?"

"बसलं असतं, आबा."

बराच वेळ फोन चालूच होता. मग ते म्हणाले, "उर्दू कागद माझ्याकडंच हाय," आणि फोन ठेवला.