तुम्ही विचारलंत म्हणून : शेवटच्या चालणारीच्या मागे

‘तुम्ही स्वतः चालत नाही, मग भल्या पहाटे तिथे जाऊन करता तरी काय?’ स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी निधी गोळा करणाऱ्या पदयात्रेत मी स्वयंसेविका असते, हे कळले की हा प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला मी नावे तपासून मनगटावर पट्टी बांधते आणि नंतर सर्वांत मागे राहिलेल्या व्यक्तीसोबत असते.

पट्टी बांधणे दिसते तेवढे सोपे नाही. शस्त्रक्रियेत काखेतील लसिका ग्रंथी काढल्या असतील, तर त्या हातातील द्रवाचा निचरा मंदावतो आणि पुढे अनेक वर्षे हात सुजण्याचा धोका राहतो. म्हणून त्या हातावर काही आवळून बांधू नये, असे रुग्णांना बजावलेले असते. मात्र ‘कोणत्या बाजूचे ऑपरेशन झाले?’ असे भर गर्दीत विचारणे बरे नव्हे, कारण शेजारी उभ्या असलेल्या मैत्रिणीलाही ते ठाऊक असेलच असे नाही. त्यामुळे मी सरसकट सर्वांना, अगदी धडधाकट कॉलेजकुमारांनाही, ‘कोणत्या हातावर बांधू?’ एवढेच विचारते. मागे एका काकूंनी उजवा हात पुढे केला, सूज आवरण्यासाठी डाव्या हातावर मनगटापासून दंडापर्यंत चढवलेली घट्ट बाही पदराखाली सारली आणि ‘बांगड्याही आता याच हातात’ असे हसून सांगितले.

या आजाराविषयीच्या जागृतीसाठी जगभर ऑक्टोबर महिना ठरलेला आहे. मुंबईत नेमका तोच घामाच्या धारांचा. मरीन ड्राइव्हवर एनसीपीए या नाट्यगृह-संकुलापासून गिरगाव चौपाटीपर्यंतचे अंतर साधारण तीन किलोमीटर, तेही सपाट; पण केमोथेरपीच्या काही औषधांनी तळपाय बधिर झालेले असतात, हार्मोन रोखणाऱ्या गोळ्यांमुळे अंगातून अचानक गरम वाफा येतात, आणि तशा वेळी ध्वनिक्षेपकावरून होणाऱ्या ‘रणरागिणी’च्या गजरापेक्षा सावलीतली खुर्ची आणि स्वच्छ शौचालय कितीतरी मोलाचे ठरते. तो गजर मला, खरे सांगायचे तर, मुळीच आवडत नाही. ज्यांना त्या दिवशी फक्त चालायचे असते, त्यांच्यावर शूर दिसण्याचे ओझे कशाला?

‘चालून आजार थोडाच बरा होतो?’ हा पुढचा प्रश्न. नाही होत. पण निमित्ताने तपासणीचा विषय घराघरांत निघतो, आणि तपासणीचे मोल याच शहरात मोजले गेले आहे. परळच्या टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये मुंबईतील दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशा चार फेऱ्यांत, केवळ हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशी गाठलेल्या स्त्रियांमध्ये या आजाराने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. त्याहून तरुण स्त्रियांमध्ये मात्र तशी घट आढळली नाही. महागडी यंत्रे नसतानाही हे साधले, हे मी पट्टी बांधता बांधता शक्य तितक्या जणींना सांगते.

निधीचे म्हणाल, तर खर्च औषधांपुरता नसतो. परळला उपचारांसाठी गावाकडून आलेल्या कुटुंबाला महिनोन्‌महिने मुंबईत राहावे लागते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेसारखा आसरा प्रत्येकाला मिळतोच असे नाही.

आणि शेवटच्या व्यक्तीच्या मागे का, तर पुढचे लोक चौपाटीला पोहोचून फोटो काढू लागले की मंडपवाले खुर्च्या आवरायला घेतात. त्यांना फोन करून ‘अजून दोघी यायच्या आहेत’ असे बजावणे आणि वेळ पडल्यास वाद घालणे, हेही माझ्याच कामात येते.