पत्रकावर पक्षी का नाही?

पक्षीनिरीक्षकांच्या मेळाव्यात, देणगीदारांच्या भेटीत आणि आता तर नातेवाइकांच्या घरीही मला एकच प्रश्न विचारला जातो. तुमची भागीदारी पक्ष्यांच्या अधिवासासाठी आहे, तिच्या संवादाचे नियोजन तुम्ही करता, मग जमीनमालकांसाठी काढलेल्या पत्रकाच्या पहिल्या पानावर एकही पक्षी का नाही? त्या पानावर गवत, गाळ, जनावरे आणि विहिरीची पातळी असते. पक्षी शेवटच्या पानावर येतो आणि तोही लहान असतो. काही जण हे कुतूहलाने विचारतात, बरेच जण आरोपाच्या सुरात. आजवर मी याचे उत्तर उभ्या उभ्या, तुकड्यातुकड्याने दिले. तुम्ही पुन्हा विचारलेत म्हणून या वेळी सविस्तर लिहीत आहे.

संवाद आराखडा म्हणजे प्रसिद्धीचे वेळापत्रक, हा समज आधी बाजूला ठेवावा लागेल. आमच्या आराखड्याच्या पहिल्या रकान्यात संदेश नसतो, निर्णय असतो: गवत कधी कापायचे, पाणथळीच्या कडेने नांगर कुठवर न्यायचा, साचलेले पाणी केव्हा सोडून द्यायचे, कुरणात जनावरे किती दिवस ठेवायची. तो निर्णय कोणाच्या हाती आहे, तो कोणत्या महिन्यात घेतला जातो आणि ती व्यक्ती या बाबतीत कोणाचे ऐकते, हे पुढच्या रकान्यांत लिहिलेले असते. हा शेवटचा रकाना भरायला सर्वांत जास्त वेळ लागतो आणि त्यात आमचे नाव क्वचितच येते. तिथे जनावरांचे डॉक्टर असतात, पाणीवाटप समितीचे सचिव असतात, चांगले पीक काढणारा शेजारी असतो. शब्द आणि छायाचित्रे यानंतर येतात. जमिनीवर घरटे करणाऱ्या चंडोलासाठी गवताची कापणी पुढे ढकलायची असेल, तर ती विनंती कापणीचे यंत्र ठरण्याआधी पोहोचावी लागते. पिल्ले घरट्यात असताना हाती पडलेल्या सुंदर पत्रकाचा कोणालाच उपयोग नसतो.

राखीव क्षेत्राच्या कुंपणाबाहेर, लोकांच्या मालकीच्या जमिनीवर पक्षी राहतात, म्हणून तर अशा प्रादेशिक भागीदाऱ्या जन्माला आल्या. 1986 मध्ये अमेरिका आणि कॅनडा यांनी पाणपक्ष्यांसाठी संयुक्त आराखडा केला, 1994 मध्ये मेक्सिको त्यात आला, आणि त्या आराखड्यातून उभ्या राहिलेल्या जॉइंट व्हेंचर नावाच्या भागीदाऱ्यांत शासकीय खाती, संस्था आणि जमीनमालक एकत्र बसू लागले. टेक्सासपासून नेब्रास्कापर्यंत सहा राज्यांत काम करणारी प्लाया लेक्स जॉइंट व्हेंचर मला नेहमी आठवते. प्लाया म्हणजे पावसाने भरणारी, चिकणमातीच्या तळाची उथळ तळी. ती कोरडी पडली की तळाला भेगा जातात, पुढच्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खाली उतरते आणि ओगलाला भूजलसाठ्यात भर पडते. बदके, क्रौंच आणि किनाऱ्याचे पक्षी याच तळ्यांवर उतरतात, पण शेतकऱ्याशी बोलताना तिथले लोक भूजलापासून सुरुवात करतात. पश्चिम अमेरिकेत सेज ग्राउस या पक्ष्यासाठी 2010 मध्ये सुरू झालेल्या उपक्रमाने पशुपालकांना सांगितले की पक्ष्याला जे मानवते तेच जनावरांच्या कळपालाही मानवते. 2015 मध्ये हा पक्षी संकटग्रस्तांच्या यादीत टाकण्याची गरज नसल्याचे तिथल्या सरकारने ठरवले, त्यामागे अशा स्वेच्छेने केलेल्या कामाचाही वाटा होता. तेव्हा पक्षी मागे ठेवण्याची लहर मला एकटीलाच आलेली नाही.

मात्र मी हे पुस्तकातून शिकले नाही, आणि नकाशाचा प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही. भागीदारीतल्या एका संस्थेने आमच्या क्षेत्रातील महत्त्वाच्या अधिवासांचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात पाणथळी आणि त्यांच्या भोवतीचे गवत गडद लाल होते, वर ‘तातडीने संरक्षण आवश्यक’ असे शीर्षक होते आणि खाली आम्हा सर्व भागीदारांची बोधचिन्हे ओळीने लावलेली होती. सर्वांची बोधचिन्हे असलेला कोणताही मजकूर सर्वांनी पाहिल्याशिवाय बाहेर जाणार नाही, असा नियम आराखड्यात स्पष्ट लिहिलेला होता. अहवालाची मुदत संपत आली होती, एवढ्या कारणाने तो मोडला गेला. रात्रीतून नकाशा गावोगावच्या फोनवर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चराईच्या वेळापत्रकावर माझी एक बैठक आधीच ठरलेली होती. तिथे एक वयस्कर जमीनमालक आले होते. पाणथळीलगतची गवताची पट्टी त्यांनी वर्षानुवर्षे पडीक ठेवली होती आणि टिटवीची घरटी मोजायला आम्हाला दर हंगामात येऊ दिले होते. त्यांनी फोन टेबलावर ठेवला, दोन बोटांनी नकाशा मोठा केला, आणखी मोठा केला, आणि त्यांची विहीर व गोठा त्या लाल रंगात आल्यावर थांबले. ‘ताई, हा रंग आमच्या गोठ्यावर कोणी टाकला?’ मी सांगितले की हा पक्ष्यांच्या नोंदींवरून काढलेला अंदाज आहे, गडद रंग म्हणजे पक्षी आढळण्याची शक्यता जास्त, त्याला कायद्याचा कोणताही आधार नाही आणि कोणाचीही जमीन घेतली जाणार नाही. माझे प्रत्येक वाक्य खरे होते. त्यांनी ते मध्ये न बोलता ऐकून घेतले आणि मग म्हणाले, ‘आज कायदा नाही, हे मला मान्य आहे. पण आधी नकाशा येतो, कायदा मागून येतो. तुम्ही मोजणीला आलात तेव्हा बांधावरची वाट मीच दाखवली होती.’

त्या खोलीत कोणी आवाज चढवला असता तर मला बोलता आले असते. कोणीही चढवला नाही. माझ्याकडे देण्यासारखे एकच उत्तर होते, की असे कधीही होणार नाही. आणि ते वचन देण्याचा अधिकार ना मला होता, ना भागीदारीतल्या कोणत्याही संस्थेला. नकाशा आम्ही काढलेला नाही, असेही म्हणता आले असते, पण आमचे बोधचिन्ह त्याच पडद्यावर दिसत होते. मी वही मिटली. चराईचा विषय त्या दिवशी निघालाच नाही.

थोड्याच दिवसांत त्यांनी ती पट्टी नांगरली, त्यांच्या पाठोपाठ आणखी काहींनी आपापल्या कडा नांगरल्या. विणीचा हंगाम तोंडावर होता. यात पक्ष्यांविषयी राग नव्हता. नांगरलेल्या जमिनीला कोणी लाल रंग देत नाही, एवढा सरळ हिशोब होता. हा हिशोब जगात इतरत्रही झालेला आहे. नॉर्थ कॅरोलायनात जुन्या पाइन वृक्षांत ढोली करणाऱ्या एका दुर्मीळ सुतारपक्ष्याच्या वसाहती ज्यांच्या जवळ होत्या, त्या मालकांनी आपली झाडे लवकर तोडली, असे ल्यूक आणि मायकेल या अभ्यासकांनी 2003 मध्ये दाखवून दिले. झाडे जुनी होऊ दिली तर पक्षी येईल आणि पक्षी आला तर तोड बंद होईल, ही त्यांची भीती होती. माळढोक या दुर्मीळ पक्ष्यासाठीच्या महाराष्ट्रातल्या अभयारण्याचे उदाहरण तर तुम्हाला माहीतच आहे: 1979 मध्ये सुमारे 8,496 चौरस किलोमीटरवर, गावे आणि खासगी शेती आत घेऊन ते जाहीर झाले आणि पुढे सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आणावे लागले. मधल्या काळात त्या भागातल्या अनेकांच्या तोंडी माळढोकाचे नाव जमिनीवरच्या निर्बंधांसोबतच येत राहिले.

त्या बैठकीनंतर पहिल्या पानावरचा पक्षी मी काढून टाकला. मालकाच्या संमतीशिवाय शेत ओळखू येईल इतका बारीक नकाशा बाहेर द्यायचा नाही, घरट्यांच्या जागा कोणत्याही बातमीत लिहायच्या नाहीत आणि विणीच्या काळात पत्रकारांना क्षेत्रावर न्यायचे नाही, हेही तेव्हाच ठरले. भागीदारीत हे पाळून घेणे फार कष्टाचे आहे, कारण प्रत्येकाची गरज वेगळी असते. देणगीदाराला पंख पसरलेल्या पक्ष्याचे चित्र हवे असते, खात्याला उद्घाटनाचे हवे असते, आणि संशोधकांना प्रत्येक वाक्यात ‘बहुधा’ हवे असते. यांतली एकही मागणी मला अप्रामाणिक वाटत नाही.

तुमचे प्रतिप्रश्न मला पाठ आहेत. आसामात पूर्णिमादेवी बर्मन यांनी हरगिला हा अवाढव्य, टकला, लोकांना ओंगळ वाटणारा करकोचा थेट पुढे आणला, गावातल्या बायकांनी तो आपल्या विणकामात उतरवला, आणि ज्या झाडांवर त्याची घरटी होती ती झाडे मालकांनी तोडायची थांबवली. नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ 2012 मध्ये अमूर ससाण्यांची प्रचंड शिकार उघडकीस आली आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावांनी ती थांबवली. तिथेही पक्षी लपवला गेला नव्हता. ही दोन्ही उदाहरणे मी मान देऊन ऐकते. फक्त एवढे लक्षात घ्या की दोन्हीकडे पक्षी एका नजरेत भरणारा आहे, आणि त्याच्याविषयी बोलणारे त्याच गावातले होते. आमच्या क्षेत्रातले तुतारी आणि चिखल्या हे चिखलात चरणारे लहान पक्षी मातीच्याच रंगाचे आहेत. चार पावलांवर असले तरी दिसत नाहीत.

मग आकडे सांगा, असेही तुम्ही म्हणता. अमेरिका आणि कॅनडात 1970 पासून सुमारे 2.9 अब्ज पक्षी कमी झाले आणि गवताळ प्रदेशातले पक्षी निम्म्याहून अधिक घटले, हे 2019 मध्ये प्रसिद्ध झाले तेव्हा मलाही अस्वस्थ वाटले. या कामात नवी होते तेव्हा असाच आकडा घेऊन मी दारोदार गेले असते. तेव्हा मी ठामपणे म्हणत असे की लोकांना माहिती नाही म्हणून अधिवास जातो, माहिती दिली की प्रेम येईल आणि प्रेम आले की जमीन वाचेल. आज तेव्हाच्या त्या मुलीला मी सांगेन की त्या वयस्कर गृहस्थांना टिटवी तुझ्यापेक्षा जास्त माहीत होती. त्यांनी तिची अंडी बैलांच्या वाटेतून वाचवली होती. पण ती मुलगीही मला गप्प बसू देत नाही. ती विचारते की पक्ष्याचे नाव न घेता वाचवलेल्या जमिनीवर पक्षी राहील, याची हमी कोण देणार?

हा प्रश्न टाळता येत नाही, कारण आमच्याच क्षेत्रात तो खरा ठरला आहे. पाण्याचे पत्रक मनापासून पटलेल्या एका तरुण जमीनमालकाने आपली उथळ पाणथळ यंत्राने खोल केली, कडा सरळ कापल्या, भोवती बांध घातला आणि आम्हाला अभिमानाने पाहायला बोलावले. पाणी खरोखरच उन्हाळ्यात टिकले होते. शेकाट्या या लांब पायांच्या पक्ष्याला पाय टेकवून उभे राहता येईल, तुतारीला चिखलात चोच खुपसता येईल अशी एक वीतही कड तिथे उरली नव्हती. मधोमध एक पाणकावळा बुडी मारत होता. प्लायांमध्येही सिंचनासाठी असे खड्डे खणले गेले आहेत आणि पसरणारे पाणी त्यांत गोळा होऊन उथळ भाग कोरडे राहिले आहेत. आमच्या पत्रकात पाणी थांबवा असे होते, त्याने पाणी थांबवले. परतीच्या वाटेवर माझे सहकारी एवढेच म्हणाले की हे तुमचे पक्षी नसलेले पत्रक.

त्यानंतर पाणी घोट्यापर्यंतच हवे, गुडघ्यापर्यंत नको, आणि कड उतरती हवी, असे वाक्य पत्रकात आले. ते का, हे मात्र पक्ष्याचे नाव घेतल्याशिवाय सांगता येत नाही, कारण उथळपणाचे जे कारण आहे ते शेकाट्याच्या पायांच्या लांबीत आहे. त्यामुळे पहिल्या पानाचा वाद आमच्या समितीत पुन्हा सुरू झाला आहे. मी आजही पक्षी पुढे आणण्याच्या विरोधात आहे. तरीही, मतदानाआधी त्या तरुणालाच विचारावे, असा आग्रह मी धरला आणि आम्ही त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘पक्ष्यांसाठी आहे असे सांगितले असते, तर मी खोल केलेच नसते. पण ताई, तसे सांगितले असते तर नकाशानंतर मी तुम्हाला शेतात घेतलेही नसते.’ त्याचे उत्तर जसेच्या तसे इतिवृत्तात लिहिले आहे, आणि पुढच्या हंगामाच्या पत्रकाचे पहिले पान अजून ठरलेले नाही.