सोनचिखल्याच्या मागे

एस्टोनियात पार्नू आणि विल्यांदी या गावांच्या मधे सोमा राष्ट्रीय उद्यान आहे, 1993 सालचं. ‘सो’ म्हणजे दलदल, ‘मा’ म्हणजे भूमी. तिथल्या कुरेसो, म्हणजे क्रौंचांच्या दलदलीवर मी पायी सफरी नेते. मे महिन्याच्या अखेरीस सहा जणांना घेऊन निघाले होते, आणि त्या सकाळी एका पक्ष्याने आमच्यातल्या एकाला पद्धतशीर चिखलात उतरवलं.

इंगात्सीच्या बाजूने गेलं तर कुरेसोवर चढावं लागतं. दलदलीवर चढायचं, हे ऐकून पाहुणे हसतात. पण ही खड्ड्यात साचलेली दलदल नव्हे. इथलं स्फॅग्नम मॉस, म्हणजे दलदलीतलं मऊ शेवाळ, नुसत्या पावसाच्या पाण्यावर जगतं. वरून वाढत राहतं, खालचं मरून त्याचं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेला थर होतो, वर्षाला सरासरी 1 मिलीमीटरच्या आसपास. हजारो वर्षं हे चालल्यावर त्याचा घुमट झाला. कडेला शंभरेक मीटरच्या अंतरात साधारण 8 मीटर चढ आहे. वर पाइन खुरटलेले दिसतात. मनगटाएवढं खोडही शंभरी ओलांडलेलं असू शकतं, म्हणून तोल जाताना झाड धरायचं नाही, काठी टेकायची.

फळ्यांची वाट सोडली की पायात रॅत्साद चढतात. बर्फावर वापरतात तसलेच हे रुंद जोडे. टाच मोकळी, पंजा पट्ट्यांत. पावलं फाकवून टाकायची आणि मागे पाऊल कधीच घ्यायचं नाही, जोड्याची शेपटी रुतते आणि माणूस पाठीवर पडतो. वळायचं असेल तर गोल फिरून वळायचं. दोघांत तीन-चार मीटर अंतर हवं. मऊ जागी तर पुढच्याच्या ठशात पाय टाकणं ही मोठी चूक, कारण त्याने मॉसची चटई आधीच फाडलेली असते. पहिला पार होतो, तिसरा बुडतो.

जमीन रंगावरून वाचायची. लालसर आणि तपकिरी मॉसचे उंचवटे भक्कम असतात. कापूसगवताचे जाड गड्डेही वजन पेलतात. मधल्या खोलगट ओल्या पट्ट्यांना इथे ‘आल्वेस’ म्हणतात. तिथलं मॉस फिकट, पोपटी हिरवं, अगदी हिरवळीसारखं दिसतं. ते पाण्यावर तरंगत असतं. जितकं गोजिरं, तितकं पोकळ.

साडेआठच्या सुमारास ती एकसुरी, उदास शीळ ऐकू आली. सोनचिखल्या. टिटवीच्याच कुळातला हा पक्षी उघड्या दलदलीवर, उंचवट्याच्या माथ्यावर चार अंडी घालतो. मी थांबायची खूण केली, तोवर पक्षी आमच्यापुढे दहा-बारा मीटरवर पंख लोळवत, फरफटत निघाला होता. पंख मोडल्याचं हे सोंग. त्याचा एकच अर्थ: घरटं जवळ आहे, आणि पक्षी नेतोय त्याच्या उलट दिशेला. पण कॅमेरा डोळ्याला लावलेल्या माणसाला पक्षीच दिसतो, जमीन दिसत नाही. आमचे एक गृहस्थ त्याच्यामागे सहा पावलं गेले. सोनचिखल्याचं वजन पाव किलोसुद्धा नसतं. आल्वेस त्याला पेलतं. गृहस्थांचा डावा पाय मांडीपर्यंत आत गेला.

अशा वेळी माणूस पूर्ण गिळला जात नाही. पीटपाण्यात शरीर तरंगतं. खरा त्रास पकडीचा आणि थंडीचा. पाय सरळ वर खेचला की तळाशी पोकळी होते आणि चिखल उलटा ओढतो. त्यात रॅत्साद पायात असेल तर तो नांगर होतो, कारण त्याच्यावर चिखल बसलेला असतो. बाकीच्यांना मी उंचवट्यावर उभं केलं, जादा जोडी मॉसवर पसरली आणि गृहस्थांना तिच्यावर छातीने झोपायला लावलं. मग काठी त्यांच्या पायालगत खुपसून हलवत राहिले, म्हणजे पाणी तळापर्यंत उतरतं आणि पकड सुटते. जोडा काही येईना. बाही खांद्यापर्यंत वर करून मी चाचपडत त्याच्या पट्ट्या सोडल्या. आत पाणी बोटं बधिर करणारं होतं. मॉस इतकं चांगलं दुलईचं काम करतं की उंचवट्यांखाली मे महिन्यातही कधीकधी बर्फ सापडतो. पाय गुडघ्यात वाकवून, तिरका, सावकाश घेतला. सात-आठ मिनिटं लागली.

जोडा आतच होता. दोरीला फास करून तो काढता आला असता, आणखी वीसेक मिनिटांत. पण सोनचिखल्या एव्हाना सोंग टाकून उंचवट्यांवरून अस्वस्थ शिट्या घालत होता. वारा गार होता, घरटं उघडं, आणि वर दोन डोमकावळे घिरट्या घालू लागले होते. माणसांमुळे पक्षी कुठून उठतो, हे त्यांना बरोबर कळतं. मी जागेच्या खुणेला पाइनच्या फांदीवर लाल फीत बांधली, गृहस्थांना कोरडे लोकरी मोजे आणि जादा जोडी दिली आणि सगळ्यांना आल्याच वाटेने, पण ठसे टाळून, फळ्यांकडे वळवलं.

निरीक्षण मनोऱ्यावर पोचून दुर्बीण लावली. फितीच्या डावीकडे, आम्ही उभे होतो तिथून जेमतेम पंधरा मीटरवर, एका तपकिरी उंचवट्यावर सोनचिखल्या बसलेला होता. पाठ मॉसच्याच रंगाची. डोकं हललं नसतं तर दिसला नसता.

जुलैच्या मध्यावर पाणी उतरल्यावर मी फास घेऊन गेले. उंचवट्यावर कोणी नव्हतं. जोड्याचं टोक चार बोटं वर आलेलं होतं.