वर्ग चालवणाऱ्यांचा वर्ग

गाण्याच्या प्रारंभिकपासून अलंकारपर्यंत कुठल्याही परीक्षेत सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त कसं लिहायचं, हे विचारत नाहीत. नृत्याच्याही नाही, नाटकाच्याही नाही. आणि तरी आपल्या मुंबईत गल्लोगल्ली गाण्याचे, तबल्याचे, कथकचे, बालनाट्याचे जे वर्ग चालतात, त्यातल्या कितीतरी आज नोंदणी झालेल्या संस्था आहेत. त्यांच्या कागदांवर सही करणारी व्यक्ती मुळात कलाकार असते. तिला ताल शिकवला गेलेला असतो, ताळेबंद नाही.

मी लालबागला मुलांचा नाट्यवर्ग चालवते. आम्ही काही जण मिळून परळच्या एका शाळेत, रविवारी दुपारी, अशा संस्था चालवणाऱ्यांसाठी प्रशिक्षण घेतो. ‘कलाकाराला कशाला हवी ही व्यवस्थापनाची कटकट?’ असं आम्हाला पुष्कळ जण विचारतात. मला वाटतं, कलाकारालाच ती सर्वात जास्त हवी.

पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचंच पाहा. 1901 साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं आणि 1908 साली ते मुंबईत आणलं. नुसते गाणारे घडवून ते थांबले नाहीत, तर गाणं शिकवणारे ‘उपदेशक’ तयार करण्याचा वर्गही त्यांनी चालवला. एवढा द्रष्टा माणूस, पण मुंबईतली संस्था कर्जात गेली आणि वास्तूचा लिलाव झाला. गाणं मात्र थांबलं नाही, कारण शिकवणारी माणसं तयार झालेली होती. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर यांनी 1925 साली मुंबईतच स्वतःची संगीतशाळा सुरू केली. 1931 साली पलुस्कर गेले आणि त्याच वर्षी शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मी प्रत्येक तुकडीला हे पहिल्याच रविवारी सांगते. वास्तू आणि पैसा सांभाळण्याची विद्या वेगळी आणि माणसं घडवण्याची विद्या वेगळी. संस्थेला दोन्ही लागतात.

पहिला मोठा विषय पैशांचा. आम्ही व्याख्यान देत नाही, प्रत्येकाला स्वतःच्या वर्गाचा हिशेब फळ्यावर मांडायला लावतो. मागच्या तुकडीत भांडुपचे एक तबल्याचे गुरुजी होते. चाळीस मुलं, महिना 400 रुपये फी, म्हणजे 16,000. हाताखालच्या दोन शिक्षकांचं मानधन 10,000, जागेचं भाडं 4,500, पुड्या बदलणं, पेटीची दुरुस्ती, वीज आणि चहापाणी धरून 1,500. खडू खाली ठेवून ते म्हणाले, “बरोब्बर जमतं बघा ताई.” चेहऱ्यावर समाधान होतं आणि ते रास्तच होतं. फीच्या पैशात असा वर्ग चालवून दाखवणं सोपं नाही.

मी विचारलं, “गुरुजी, तुमचं मानधन यात कुठे आहे?”

“माझं काय, मला पेन्शन आहे.”

“तुमच्यानंतर जो चालवेल, त्याला असेल?”

ते बराच वेळ फळ्याकडे बघत राहिले. मग त्यांनीच पुन्हा खडू घेतला आणि संचालकाचं मानधन म्हणून 8,000 लिहिले. आता फी 600 करावी लागणार. लगेच मागच्या बाकावरून विक्रोळीच्या कथकवाल्या ताई म्हणाल्या, “आमच्याकडे 600 म्हटलं तर अर्ध्या मुली येणार नाहीत.” खरं प्रशिक्षण तिथून सुरू झालं. ज्यांना परवडतं त्यांच्याकडून पूर्ण फी, ज्यांना नाही त्यांच्यासाठी देणगी. देणगी मागायची तर कागद चोख हवेत. 80जी, म्हणजे देणगीदाराला प्राप्तिकरात सवलत मिळवून देणारी संस्थेची नोंदणी. ती एकदा मिळाली की कायमची, हे दिवस 1 एप्रिल 2021 पासून संपले. ती आता मुदतीची असते आणि मुदत संपायच्या आत पुन्हा अर्ज करावा लागतो. 2,000 रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, म्हणून चेक किंवा ऑनलाइनच मागावं. हे दोन मुद्दे ऐकून लोक भराभर लिहून घेतात.

सीएसआरबद्दल सगळ्यांना फार उत्सुकता असते. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात आणि त्या कामांच्या यादीत शिक्षणही आहे, कला-संस्कृतीही आहे. पण छोट्या वर्गाने सुरुवातीलाच त्यामागे धावू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनी एका प्रकल्पाला पैसे देते, तो संपला की पैसे संपतात. आजूबाजूची पन्नास कुटुंबं दर वर्षी देणारी असतील तर संस्थेचे पाय जमिनीवर राहतात.

यानंतर धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. ते वरळीला आहे, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट दाखल करायचा असतो, हे कित्येकांना माहीत नसतं. मुंबईत याची किंमत फार जबर आहे. आपले वर्ग चाळीच्या तळमजल्यावर, मंडळाच्या खोलीत, पागडीच्या जागेत भरतात. इमारत पुनर्विकासाला जाते, बिल्डरचा माणूस विचारतो, संस्थेच्या वतीने सही कोण करणार? भाडेपावती वारलेल्या अध्यक्षांच्या नावावर, शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या संस्थेच्या नोंदीवर, तीच जुनी नावं. हक्काची जागा वाचवायची असेल तर कागद त्याआधीच दुरुस्त झालेले हवेत. एका शाहिरांच्या संस्थेचे कागद आम्ही बाकावर पसरून, वर्षावार लावून, कुठल्या सभेचा ठराव हाताशी आहे आणि कुठला नाही याची यादी केली. संध्याकाळ झाली, पण उठायला कोणी तयार नव्हतं.

मुलांच्या सुरक्षेचा भाग मी स्वतः घेते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा 2012 चा. मुलावर असा अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे आणि हाताखालच्या माणसाच्या हातून असं घडल्याचं न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला शिक्षा आहे. ‘आपल्यात असं होत नाही’ हे वाक्य आमच्या वर्गात चालत नाही. गॅदरिंगच्या दिवशी मेकअप रूममध्ये कोण जाणार, मुद्रा सुधारताना मुलीला हात लावण्याआधी विचारायचं, एकट्या मुलाला शिकवताना दार उघडं ठेवायचं, मुलांच्या हेल्पलाइनचा 1098 हा नंबर भिंतीवर मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर लावायचा. एवढं तरी त्याच दिवशी ठरवूनच लोक घरी जातात.

अमेरिकेत वस्त्यावस्त्यांतल्या संगीतशाळांची संघटना 1937 साली सुरू झाली, पुढे तिचं नाव नॅशनल गिल्ड फॉर कम्युनिटी आर्ट्स एज्युकेशन झालं. तिथे संस्थाप्रमुखांसाठी खास नेतृत्वाचं प्रशिक्षण घेतलं गेलं आणि त्यात अनुभवी माणसाची सोबतही ठेवली गेली. हा सोबतीचा भाग मला फार मोलाचा वाटतो. आमच्याकडेही आता प्रत्येक संस्थेला एक जुना जाणता कार्यवाह जोडून दिलेला असतो. ऑडिटच्या वेळी, सभेच्या आधी, भाडेकराराच्या वेळी त्याला फोन करायचा.

अशी माणसं आपल्याकडे कमी नाहीत, फक्त त्यांच्याकडे आपलं लक्ष नसतं. ‘आविष्कार’ या नाट्यसंस्थेचे अरुण काकडे आठवा. 1971 साली संस्था सुरू झाली तेव्हापासून तालमीच्या जागा, प्रयोगांच्या तारखा, पैशांची जुळवाजुळव हे सगळं त्यांनी अखेरपर्यंत सांभाळलं. दादरच्या छबिलदास शाळेतली प्रायोगिक नाटकांची चळवळ असो की सुलभा देशपांडे यांची मुलांसाठीची ‘चंद्रशाला’, त्यामागे असा माणूस उभा होता. नटाला टाळ्या मिळतात त्या मिळोत. पण प्रयोग लावणाऱ्याकडे जे कसब असतं, ते पुढच्या माणसाला शिकवायची सोय आपण केली पाहिजे.

म्हणूनच यापुढच्या तुकडीसाठी आम्ही एक अट घातली आहे. संस्थेतून एकट्याने यायचं नाही, दोघांनी यायचं. एक आज चालवणारा आणि एक उद्या चालवू शकेल असा, तिशीच्या आतला असला तर फारच छान. येताना शेड्यूल वनची प्रत, मागच्या वर्षाचं ऑडिट, भाडेपावती किंवा करार आणि फीचं पावतीपुस्तक आणा. ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही त्यांनीही या, त्यांच्यासाठी पहिले दोन रविवार वेगळे ठेवले आहेत.